२३ दिले, १२ राखले

नोकरीला रामराम ठोकून फुल टाइम ट्रेडिंग करावं का? हा किडा डोक्यात वळवळत असताना वेल्हे-भोरचा एक वीकेंड केला. तिथं एक गड, एक धरण आणि एक हिशेबाची वही भेटली.

शनिवारी पहाटे साडेपाचला कात्रजचा बोगदा ओलांडला, तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये एक राजीनामा होता. पाठवलेला नाही, ड्राफ्टमध्ये सेव्ह केलेला. मजकूर चार ओळींचा. अकरा दिवस तो तिथंच पडून होता आणि घरी बायकोलासुद्धा त्याचा पत्ता नव्हता.

कारण विचाराल तर तेच, जे तुमच्या शेजारच्या क्युबिकलमधल्या प्रत्येकाचं असतं. खराडीचं ट्रॅफिक, अप्रेझलमध्ये हातावर टेकवलेले साडेचार टक्के, 'क्विक कॉल' म्हणून रात्री नऊला सुरू होणारी दीड तासाची मीटिंग. आणि दुसरीकडे मोबाइलमधलं ट्रेडिंग अ‍ॅप! लंच ब्रेकमध्ये चोरून-मारून वेळ काढत गेल्या चार महिन्यांत मी ८४ हजार कमावले होते. म्हणजे महिन्याला २१ हजार. मग पूर्ण वेळ दिला तर? सव्वानऊ ते साडेतीन मार्केट, त्यानंतर आपण आपले मालक. बॉस नाही, टार्गेट नाही. आहे की नाही सही फंडा?

हाच फंडा प्रत्यक्षात आणलेला आमचा एक मित्र वेल्ह्याजवळच्या एका वाडीत राहतो. 'नाव छापू नकोस' म्हणाला, म्हणून आपण त्याला ट्रेडरराव म्हणू. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ५२ हजारांची नोकरी सोडून गडी थेट गावी गेला. त्याचा डीपी आमच्या ग्रुपमध्ये जाम फेमस होता. कौलारू घराची पडवी, मांडीवर लॅपटॉप, त्यावर हिरव्या-लाल कँडल आणि मागे ढगात बुडालेला तोरणा. आम्ही सगळे तो डीपी बघून जळायचो. डिसेंबरात म्हटलं, जळणं पुरे, आता बघून येऊ.

हायवे सोडला की...

खेड शिवापूरचा टोल गेला की थोड्या वेळात चेलाडी फाटा येतो. इथं हायवे सोडून उजवीकडे वळायचं. नसरापूर, बनेश्वरची झाडी मागे पडते आणि रस्ता गुंजवणीच्या खोऱ्यात शिरतो. डिसेंबरात भातं काढून झालेली असतात. खाचरांत नुसती धसकटं, अंगणात पेंढा रचलेला, मधूनच कुठंतरी चुलीचा धूर. दर दोन किलोमीटरवर मात्र एक बोर्ड : 'गडव्ह्यू एन.ए. प्लॉट, क्लिअर टायटल'. सरकारी कागदावर वेल्हे तालुक्याचं नाव आता 'राजगड तालुका' झालंय. टपरीवर मात्र चहा देणारे काका 'वेल्ह्याला चाललाय का?' असंच विचारतात.

ट्रेडरराव मार्गासनीच्या फाट्यावर मोटरसायकल लावून उभाच होता. अंगात कंपनीचं जॅकेट, छातीवर कंपनीचा लोगो.

"हे काय रे?" मी विचारलं.

"नोकरी. शिवापूरकडं एका कंपनीत, डिस्पॅचला. सव्वा वर्ष झालं."

"आणि ट्रेडिंग?"

"आधी गड चढू. तिथं सांगतो."

डीपी अजून तोच होता हो!

चोर दरवाजातून वर

गुंजवण्यातून चोर दरवाजाची वाट धरली. राजगड ज्यांनी केलाय त्यांना ही वाट माहीत असेल. आधी रान, मग अंगावर येणारा चढ आणि शेवटी रेलिंग धरून कातळातून वर. ऑफिसच्या खुर्चीत वाढलेल्या पोटाला इथं सगळा हिशेब द्यावा लागतो. अडीच तासांनी पद्मावती माचीवर टेकलो. एका मावशींकडून ताक घेतलं, दोन-दोन ग्लास. मग बालेकिल्ला. वर पोचलो तेव्हा हवा एकदम स्वच्छ होती.

"आता बघ," ट्रेडरराव म्हणाला. "उत्तरेला टॉवर दिसतोय तो सिंहगड. पूर्वेला पुरंदर. इकडं खाली, भोरच्या अंगाला रोहिडा. आणि पश्चिमेला हा तोरणा. यातले महाराजांनी १६६५ साली कोणते देऊन टाकले?"

शाळेत पुरंदरचा तह पाठ केला होता. मिर्झाराजे जयसिंग, जून १६६५, २३ किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मोगलांना, १२ किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख स्वराज्यात. दोन मार्कांचा प्रश्न. पण ते २३ कोणते, हे गडावर उभं राहून कधी बघितलंच नव्हतं. सिंहगड दिला. पुरंदर दिला. रोहिडा दिला. म्हणजे राजधानीच्या बालेकिल्ल्यावरून नजर टाकली, की दिलेले किल्ले रोज समोर दिसणार! राखलेल्या बारांत राजगड होता, तोरणा होता, रायगड होता.

"आणि परत कधी आले?"

"१६७०. कोंढाणा फेब्रुवारीत, तानाजी गेला तेव्हा. पुरंदर आणि रोहिडाही त्याच वर्षी."

"म्हणजे पाच वर्षं थांबले. बारा हातात होते म्हणून थांबता आलं." त्यानं पाण्याची बाटली उघडली. "महाराजांशी आपली बरोबरी नाही बाबा. आपण कोण? पण मी काय चूक केली ते मला इथं बसल्यावर कळलं. मी नोकरी सोडली, पीएफ काढला, सेव्हिंग टाकलं आणि सगळं घेऊन एकाच मैदानात उतरलो. माझ्याकडं बारा नव्हतेच. एकसुद्धा नव्हता."

वहीतली पानं

ही वही त्यानं संध्याकाळी घरी काढली. शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची. गड्यानं प्रत्येक महिना लिहून ठेवलेला. त्याच्या परवानगीनं आकडे देतोय. नीट वाचा, कारण असे आकडे डीपीवर कोणी लावत नाही.

सुरुवातीचं भांडवल ८ लाख. सप्टेंबर २०२२ ते मे २०२४ या एकवीस महिन्यांत चार्जेस वजा जाता नफा ६ लाख ३० हजार. महिन्याला सरासरी ३० हजार. वाईट नाही ना? पण घरखर्चाला दर महिन्याला २५ हजार काढायचा, म्हणजे एकूण सव्वापाच लाख. मे २०२४ अखेर खात्यात ९ लाख ५ हजार उरले.

मग आला जून. ३ तारखेला एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त उसळला. आता काही पडत नाही, म्हणून यानं पुट ऑप्शन विकले. रोजच्यापेक्षा जास्त. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागायला लागला आणि निफ्टी त्या एका दिवसात जवळपास सहा टक्के खाली बंद झाला. दुपारी तर त्याहूनही खाली गेला होता. यानं नेमका तिथं, तळाला घाबरून सौदा कापला. तोटा ५ लाख ८० हजार.

"रेंज गेली होती का?" मी विचारलं. वाडीत रेंजचा प्रॉब्लेम असतो, मला वाटलं तेच कारण असेल.

"रेंज फुल होती. सकाळी साडेनऊलाच कापायला पाहिजे होतं, एक-दीड लाखावर सुटलो असतो. पण पुढच्या महिन्याचे पंचवीस हजार ह्यातूनच काढायचे होते. म्हटलं, फिरेल मार्केट, फिरेल. हात चाललाच नाही."

एकवीस महिन्यांचा नफा ६ लाख ३०, एका दिवसाचा तोटा ५ लाख ८०. शिल्लक कमाई ५० हजार. जुन्या नोकरीत त्याचा एका महिन्याचा पगार ५२ हजार होता!

तो एकटाच असा नाही. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा मिळवणारे फक्त एक टक्का. ट्रेडरची सर्वांत मोठी फौज कुठली? आपल्या महाराष्ट्राची. आणि २०२३-२४ मध्ये त्यातले ४३ टक्के तिशीच्या आतले होते. म्हणजे तुम्ही-आम्हीच, बॉस! जुलै २०२५ मध्ये आलेला पुढचा अभ्यासही फार वेगळं सांगत नाही. २०२४-२५ मध्ये तोट्यातले ९१ टक्के, एकूण तोटा एक लाख कोटींच्या वर.

तुम्ही म्हणाल, हे सगळे नवखे. सराव केला की जमतं. ब्राझीलमध्ये तीन संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. २०१३ ते २०१५ मध्ये डे ट्रेडिंग सुरू केलेल्यांपैकी जे तीनशेहून जास्त दिवस टिकले, त्यांच्यातले ९७ टक्के तोट्यात होते. तिथल्या किमान वेतनापेक्षा जास्त कमावणारे निघाले १.१ टक्के.

मग पैसे जातात कुणाकडे? सेबीच्याच अभ्यासानुसार २०२३-२४ मध्ये ब्रोकर कंपन्यांच्या स्वतःच्या ट्रेडिंग डेस्कनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी (खर्च धरण्याआधी) कमावले. त्यातला बहुतेक नफा कॉम्प्युटरनं आपोआप केलेल्या सौद्यांचा. म्हणजे पडवीत लॅपटॉप घेऊन बसलेल्या गड्यासमोर मशीन बसलेलं असतं. त्याला घरखर्च नसतो, ईएमआय नसतो आणि दुपारी दोनला घाम फुटत नाही.

शिकवणाऱ्यांचं दुकान मात्र जोरात चालतं. डिसेंबर २०२५ मध्येच सेबीनं आपल्या कर्जतच्या एका मोठ्या ट्रेडिंग अकादमीविरुद्ध अंतरिम आदेश काढून ५४६ कोटी रुपये जप्त करायला सांगितले. शिकवण्याच्या नावाखाली नोंदणी न करता शेअरचे सल्ले दिले, असा ठपका होता. खरंखोटं पुढं ठरेलच. पण आकडा बघा की! एवढी फी भरणारी माणसं तुमच्या-माझ्यासारखीच.

आबांचं पोर्टफोलिओ

जेवायला इंद्रायणीचा भात, पिठलं, भाकरी आणि मिरचीचा ठेचा. ट्रेडररावाचे वडील, आबा, ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "काय बाळा, तू पण नोकरी सोडतो म्हणं?"

मी मित्राकडे रागानं बघितलं. त्यानं भाकरीत डोकं घातलं.

"मी बत्तीस वरसं पुण्याच्या मार्केट यार्डात हमाली केली," आबा म्हणाले. "शेत होतं की. दीड एकर भात. पण नुसत्या भातावर या खोऱ्यात कुणाचं घर चाललं? एखाद्या साली पाऊस लागून राहतो, एखाद्या साली कापणीला आलेलं भिजतं. घरटी एक माणूस पुण्या-मुंबईला असायचाच. पगाराचं पैसं यायचं, म्हणून एखादं साल बुडालं तरी बियाणं शाबूत राहायचं."

"बियाणं?"

"पुढच्या सालाचं बी. कितीबी अडचण आली तरी बियाण्याचं भात कांडून खायचं नसतं. ह्यानं खाल्लं." त्यांनी पोराकडे बोट केलं. काकू म्हणाल्या, "पुरे आता, जेवू द्या त्याला." विषय तिथंच संपला.

रात्री पडवीत अंथरुणं टाकली. थंडी मस्त होती. ट्रेडररावानं विचारलं, "तुझे ८४ हजार दाखव." मी अ‍ॅप उघडलं. त्यानं नफा-तोट्याचं पान सोडून चार्जेसचं पान काढलं. ब्रोकरेज, एसटीटी, जीएसटी, एक्स्चेंजचे चार्जेस, सगळं मिळून २३ हजार. राहिले ६१. महिन्याला साधारण १५. त्यावर टॅक्स वेगळा, कारण फ्युचर्स-ऑप्शन्सची कमाई धंद्याची कमाई धरतात. माझ्या फ्लॅटचा ईएमआय एकटाच ३८ हजार आहे.

"आता दुसरा हिशेब कर," तो म्हणाला. "तुला महिन्याला किती लागतात?"

"साठ हजार धर."

"भांडवल?"

"खेचून-ताणून दहा लाख."

"म्हणजे महिन्याला सहा टक्के. दर महिन्याला सहा टक्के मिळाले आणि तू एक रुपया काढला नाहीस, तर वर्षात पैसे दुप्पट होतील. एवढा परतावा तुला नुसतं जेवायला हवाय. एकदा तीस टक्के फटका बसला की राहिले सात लाख. मग तेच साठ हजार काढायला महिन्याला साडेआठ टक्के लागणार. आणि परत दहावर यायला त्रेचाळीस टक्के. घर थांबत नाही ना तोवर."

मी काहीच बोललो नाही. तोही.

मग थोड्या वेळानं तोच म्हणाला, "ट्रेडिंग मी सोडलं नाहीये. पगारातले पाच हजार महिन्याला टाकतो, तेवढ्यातच खेळतो. महिन्यात ते संपले तर अ‍ॅप बंद. खरं सांगू? आता सौदा कापायला हात थरथरत नाही. चुकला तर चुकला, एक तारखेला पगार आहे."

"मग डीपी का नाही बदलला?"

"आईला आवडतो तो फोटो. तोरणा छान आलाय म्हणते."

भाटघरचं पाणी

रविवारी परतताना सरळ पुणं न गाठता कापूरहोळवरून भोरला वळलो. नीरेकाठचं छोटं, निवांत गाव. पंतसचिवांच्या संस्थानाचा वाडा, अरुंद बाजारपेठ, जुनी लाकडी घरं. एका खानावळीत मटकीची उसळ-भाकरी हाणली. दक्षिणेला रोहिडा दिसत होता. हाच तो, दिलेला आणि परत घेतलेला. काल वरून बघितला होता, आज खालून.

भोरच्या अलीकडे वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण आहे. ब्रिटिशांनी १९२७ मध्ये पूर्ण केलेलं, जलाशयाला नाव येसाजी कंकांचं. इथला पाऊस धो धो, पण चार महिन्यांचा. हे पाणी अडवून नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती, इंदापूर, फलटणकडे जातं. ज्या पट्ट्यात पावसाचा भरवसा नाही, तिथं उसाचे मळे या साठ्यावर उभे राहिले. आधी धरण बांधलं, ते भरलं, मग खालच्या शेतकऱ्यानं ऊस लावला. माझ्या प्लॅनमध्ये मी उसाची लागण करून बसलो होतो आणि साठा म्हणून माझ्याकडे चार महिन्यांच्या लकी सौद्यांचे ६१ हजार होते.

रात्री घरी पोचलो. बूट काढले आणि बायकोला आधी तो ड्राफ्ट दाखवला. ती दोनदा वाचून गप्प बसली. अकरा दिवस सांगितलं नाही, याचा राग राजीनाम्याहून मोठा होता आणि तो बरोबरच होता. मग तिला गडाची गोष्ट सांगितली. तिनं दुधाच्या हिशेबाचं कॅलेंडर उलटं करून पेन दिलं. "लिही. आपले बारा कोणते?"

लिहायला बसलो. एक, दोन वर्षांचा घरखर्च एफडीत. दोन, मेडिक्लेम, कंपनीचा नव्हे, स्वतःचा. तीन, पीएफला हात लावायचा नाही. चार, ईएमआय तिच्या एकटीच्या पगारात बसेल इतका खाली आणायचा. पाच, आई-बाबांच्या औषधांचे पैसे वेगळे. सहा, ट्रेडिंगचं खातं वेगळं आणि त्यात फक्त बुडाले तरी चालतील इतकेच. सात, नोकरी करता करता सलग दोन वर्षांचा हिशेब, सगळे चार्जेस आणि टॅक्स वजा करून, आणि त्यात ४ जूनसारखा निदान एक दिवस पार केलेला असला पाहिजे.

सातच्या पुढे सरकलो नाही. बारा झाले नाहीत आणि त्या सातांतला आज आमच्याकडे पूर्ण म्हणावा असा एकच आहे, पीएफचा. कॅलेंडर फ्रिजवर लावलंय. राजीनामा डिलीट केलेला नाही, ड्राफ्टमध्येच आहे. सोमवारी सव्वानऊला मार्केट उघडलं तेव्हा मी खराडीच्या सिग्नलला होतो. साडेचार टक्क्यांचा राग अजून आहेच. पण पगाराची स्लिप आली की हल्ली मी ती एकदा नीट उघडून बघतो.

जायचंय?
कसं जाल : पुण्याहून वेल्हे सुमारे ६० किलोमीटर, भोर सुमारे ५०. दोन्हीकडे स्वारगेटहून एसटी आहे. स्वतःची गाडी असेल तर वेल्हे-राजगडसाठी चेलाडी फाट्याला आणि भोरसाठी कापूरहोळला वळा.
राजगड : गुंजवण्याकडून चोर दरवाजाची वाट खड्या चढाची. सवय नसेल तर पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट बरी. पहाटे निघा, पाणी भरपूर घ्या.
भोर : भाटघरचा जलाशय, जुनी बाजारपेठ, वेळ असेल तर बाजारवाडीतून रोहिडा.
काय खाल : पिठलं-भाकरी, ठेचा आणि इंद्रायणीचा भात. येताना पाच किलो तांदूळ घरी आणा.
काय न्याल : कॅप, टॉर्च, एक वही. ट्रेडिंग अ‍ॅप दोन दिवस बंद ठेवा. शनिवार-रविवारी मार्केट तसंही बंदच असतं.